‘रोज चालत जा’ हे अर्धं प्रिस्क्रिप्शन आहे

आरेचा किनारा संपतो आणि वारेकडे जाणारा रस्ता टेकडीवर चढायला लागतो, तिथं मागच्या डिसेंबरात मी सायकलवरून उतरले. उतरले म्हणजे एक पाय टेकवला आणि सायकल माझ्याच अंगावर कलंडली. डावीकडे समुद्र, खाली सुरूचं बन, मागे वळलं की पांढऱ्या वाळूची लांबच लांब पट्टी. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात ती ही जागा. मला त्यातलं काहीच धड दिसत नव्हतं. ओठ बधिर झाले होते, टी-शर्ट गार घामानं पाठीला चिकटला होता आणि डोक्यात एकच प्रश्न फिरत होता, की गिअर कुठल्या हातानं बदलतात. बॅगेतून मीटर काढायला तीन प्रयत्न लागले. आकडा आला ५८.

ज्यांना या आकड्याशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी : रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की त्याला हायपो म्हणतात. ५४ च्या खाली मेंदू नीट चालेनासा होतो. त्याही खाली गेलं तर फिट येऊ शकते, माणूस बेशुद्ध पडू शकतो. मी ५८ वर होते, चढावर होते, आणि दर दोन मिनिटांनी शेजारून गणपतीपुळ्याला निघालेली एखादी पर्यटकांची गाडी जात होती.

ग्रूपमधल्या एकानं पुढच्या टपरीवरून कोकम सरबत आणलं, साखर दुप्पट घालून. मी ते घटाघट प्यायले. टपरीवाले काका पाठोपाठ आले होते. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. माझ्याकडे, मग ग्लासकडे बघून म्हणाले, “काय गो, तुला डायबेटीस ना? मग हे गोड कशाला पितेस?” त्यांचा मी राग धरत नाही. ते बिचारे काळजीनंच बोलले. राग आला तो पुढच्या वाक्याचा. ते आमच्या ग्रूपमधल्या, रोज पहाटे सायकल मारणाऱ्या, चांगल्या शिकलेल्या एका दादाचं होतं : “अगं, झेपत नसेल तर अशा राईडला येऊ नये माणसानं.”

मला टाईप वन डायबेटीस आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात निघाला. दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचते. त्या दिवशी सकाळी सहाला घरी दोन घावणे आणि चटणी खाल्ली, नेहमीचं पाच युनिट इन्सुलिन घेतलं, पावणेसातला रत्नागिरीतून निघताना शुगर बघितली तर ११८. म्हणजे छान. इतक्या वर्षांत मला जे जे सांगितलं गेलं ते सगळं मी केलं होतं. वेळेवर खाणं, वेळेवर इन्सुलिन, नियमित व्यायाम. तिन्ही गोष्टी बरोबर होत्या आणि तिन्ही एकत्र आल्यावर मी रस्त्यावर आडवी झाले होते. त्या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

हा लेख त्या न सांगण्याविषयी आहे. डायबेटीसवर औषध घेणाऱ्या माणसाला नुसतं ‘व्यायाम करा’ सांगणं म्हणजे गोळीचं नाव सांगून डोस न सांगण्यासारखं आहे. आणि डोस माहीत नसलेल्या माणसाला चक्कर आली की ‘झेपत नसेल तर येऊ नये’ म्हणणं हा त्याच निष्काळजीपणाचा दुसरा भाग.

आधी शरीरात काय होतं ते बघू, कारण ते कळलं की निम्मं भांडण मिटतं. स्नायू चालायला लागले की त्यांना साखर लागते. एरवी स्नायूच्या पेशीचं दार इन्सुलिन उघडतं. पण स्नायू आकुंचन पावायला लागला की पेशीच्या आतली साखर वाहून नेणारी यंत्रणा, ग्लूट-४ नावाची प्रथिनं, इन्सुलिनची वाट न बघता पृष्ठभागावर येते आणि साखर आत ओढायला लागते. डायबेटीसवाल्यांना व्यायाम सांगतात तो म्हणूनच. सल्ला चुकीचा अजिबात नाही. ज्याला डायबेटीस नाही त्याच्या शरीरात त्याच वेळी आणखी एक गोष्ट होते : स्वादुपिंड काही मिनिटांत इन्सुलिन कमी करतं, ग्लुकागॉन वाढतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडायला लागतं. जेवढी खर्च, तेवढी जमा. त्यामुळे तो माणूस दोन तास चालला तरी त्याची शुगर फारशी हलत नाही.

माझ्या बाबतीत ही दुसरी गोष्ट होत नाही. टोचलेलं इन्सुलिन परत घेता येत नाही. जेवणाआधी घेतात ते जलद इन्सुलिन साधारण तासा-दीड तासानं सगळ्यात जोरात असतं आणि तीन-चार तास तरी अंगात राहतं. सहाला टोचलं, साडेसातला आरे-वारेचा चढ आला. म्हणजे इन्सुलिन ऐन भरात असताना मांड्यांनीही साखर ओढायला सुरुवात केली. दोन्ही दारं सताड उघडी, आणि यकृताला मात्र इन्सुलिन सांगतंय, की साखर सोडू नकोस. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे याला सरळ बग म्हणतात आणि डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून ठेवतात. इथं त्याला पेशंटचा अशक्तपणा म्हणतात.

“हे तुमच्या इन्सुलिनवाल्यांचं झालं, आमचं काय?” असं म्हणणाऱ्यांसाठी दुसरी गोष्ट. रत्नागिरीत भाट्याच्या किनाऱ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. पायात कॅनव्हास, डोक्याला कानटोपी, हातात फोन आणि फोनवर मोठ्यांदा भजनं. त्यातले एक गृहस्थ, बाबांच्या ओळखीचे, एकदा चालता चालता खाली बसले. घामानं भिजलेले, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. लोकांनी काय केलं? “बीपी लो झालं” म्हणून मीठ-पाणी दिलं. कुणी चप्पल काढून तळवे चोळले. कुणीतरी हार्ट म्हणालं. शेवटी एका बाईंनी पर्समधली लिमलेटची गोळी त्यांच्या तोंडात घातली आणि दहा मिनिटांत ते नीट बोलायला लागले. नंतर कळलं ते असं : सकाळी उपाशीपोटी ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन ते तासभर चालायचे, कारण ‘सकाळी उपाशीपोटी चालणं चांगलं’ असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं, आणि ‘गोळी सकाळी’ असं चिठ्ठीवर लिहिलं होतं. चिठ्ठीवर ‘नाश्त्याबरोबर’ असंही असेल कदाचित. ते अक्षर वाचणं सोपं नसतं.

इथं एक साधा फरक आहे आणि तो घराघरांत माहीत असायला हवा. मेटफॉर्मिन एकटी घेत असाल तर चालण्यानं शुगर धोकादायक खाली जाण्याची शक्यता फारच कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या वेगळ्या. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायलाच लावतात, तुम्ही जेवला आहात की चालताय हे न बघता. म्हणजे गोळी घेणाराही माझ्यासारखाच अडकतो, फक्त सुईशिवाय. आणि आपल्याकडे बहुतेक वेळा या दोन्ही गोळ्या एकाच गोळीत येतात. आपल्या आईबाबांना विचारून बघा, की तुमची शुगरची गोळी कुठली. “सकाळची पांढरी, रात्रीची अर्धी” असं उत्तर येईल. त्यांचा काय दोष? त्यांना ‘शुगरची गोळी’ एवढंच नाव मिळालंय.

हे किती लोकांबद्दल आहे? आयसीएमआरच्या अभ्यासाचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात डायबेटीस असलेली माणसं दहा कोटींहून जास्त. यातल्या प्रत्येकाला आयुष्यात एकदा तरी ‘चालत जा’ हे दोन शब्द सांगितले गेले असणार. आणि मराठी मध्यमवर्गाला तर गेल्या काही वर्षांत चालण्याचा मंत्रच मिळाला. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या कल्पनेवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी मांडलेली पद्धत माहीत नसलेलं घर सापडणं कठीण : दिवसातून दोनदाच खा, पंचावन्न मिनिटांत संपवा, पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. या मंत्रानं कितीतरी माणसं सोफ्यावरून उठली. चांगलंच झालं. माझी तक्रार फॉरवर्डबद्दल आहे. सल्ला तीन आकड्यांचा होऊन वॉट्सॅपवर फिरायला लागला की त्यामागच्या सगळ्या ‘पण’ आणि ‘तर’ गळून पडतात. साडेचार किलोमीटरचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. निघताना शुगर किती हवी हा आकडा मी विचारला तेव्हा माझ्या ओळखीच्या एकाही चालणाऱ्याला सांगता आला नाही.

तो आकडा गुप्त नाही. टाईप वन असलेल्यांनी व्यायाम कसा करावा यावर मायकेल रिडेल आणि जगभरातल्या इतर तज्ज्ञांनी मिळून २०१७ मध्ये ‘लॅन्सेट डायबिटीज अँड एंडोक्रिनॉलॉजी’ या नियतकालिकात एक सहमतीचं निवेदन छापलं. त्याचा गाभा एका पानात मावतो. चालणं, सायकल, पोहणं अशा सलग व्यायामाला सुरुवात करताना शुगर १२६ ते १८० मध्ये असेल तर खुशाल निघा. ९० ते १२४ मध्ये असेल तर आधी दहा ग्रॅम ग्लुकोज घ्या. ९० च्या खाली असेल तर दहा ते वीस ग्रॅम घ्या आणि वर आल्याशिवाय निघू नका. २७० च्या वर असेल आणि कारण कळत नसेल तर कीटोन तपासा, आणि कीटोन वाढलेले असतील तर त्या दिवशी व्यायाम नाही, कारण अंगात इन्सुलिन कमी पडतंय आणि पळून ते भरून निघणार नाही. आदल्या चोवीस तासांत जोरदार हायपो होऊन गेला असेल तरी व्यायाम नाही, कारण मग शरीराची धोक्याची घंटा नीट वाजत नाही. जेवणानंतर दोन तासांच्या आत व्यायाम करायचा असेल तर त्या जेवणाचं इन्सुलिन पाव ते पाऊण भागानं कमी करायचं. किती, ते व्यायाम किती जोरात आणि किती वेळ यावर.

आता माझी ती सकाळ परत बघा. मी ज्याला ‘छान’ म्हटलं ते ११८ दवाखान्याच्या खुर्चीत छान आहे. सायकलच्या सीटवर तो ‘आधी काहीतरी खा’ असा आकडा आहे. वर इन्सुलिन पूर्ण पाच युनिट. कमी करून दोन-अडीच घेतलं असतं तर मला तो समुद्र नीट दिसला असता.

मी डॉक्टर नाही. हे आकडे वाचून कुणी स्वतःच्या मनानं डोस बदलू नये. डॉक्टरांसमोर ठेवून ‘माझ्यासाठी यातलं काय?’ असं विचारावं. पण विचारायला आधी असा काही प्रश्न असतो हे तर कळलं पाहिजे. मी शिकते-नोकरी करते त्या शहरांत मिळून निदान पाच-सहा दवाखाने पालथे घातलेत. प्रत्येकाच्या भिंतीवर कारल्या-मेथीचं पोस्टर होतं, पायांची निगा राखा असं पोस्टर होतं, बूट घालून हसत धावणारं जोडपं तर प्रत्येक ठिकाणी होतं. ते जोडपं निघताना शुगर किती होती हे एकाही पोस्टरवर नव्हतं.

हा मुद्दा मी एका डॉक्टर मैत्रिणीकडे काढला तेव्हा तिनं दोन उत्तरं दिली. एक, ओपीडीत एका पेशंटला पाच मिनिटंही मिळत नाहीत. हे खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण छापील एक पान द्यायला पाच मिनिटं लागत नाहीत. दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक होतं आणि मला जास्त लागलं. “लोकांना एवढे आकडे नाही गं झेपत. घाबरतील, आणि चालायचेच बंद होतील.”

लोकांना आकडे झेपत नाहीत? मी कोकणातली आहे. माझ्या आजीची शाळा चौथीत सुटली. तिला तिथी सांगा, ती तिची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगते. चतुर्थी, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. अष्टमी, म्हणजे सहाच्या. वर हेही सांगते, की अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार वर यायचं नाही; अमावास्या-पुनवेला उधाण, तेव्हा कालवं काढायला जायचं तर ओहोटी बघूनच. अपूर्णांकाचा गुणाकार, चंद्राची कला आणि त्यातून निघणारा ‘आज पाण्यात उतरू नये’ हा निर्णय, हे सगळं ती दळण निवडता निवडता करते. मिरकरवाड्याच्या जेटीवर लिलावात उभ्या असलेल्या बायका ज्या वेगानं हिशेब करतात तो बघून मला माझ्या डिग्रीची लाज वाटते. या माणसांना ‘शंभरच्या खाली असेल तर आधी खा’ झेपणार नाही?

घाबरण्याचं म्हणाल तर आरे-वारेच्याच समुद्राकडे बघा. इथलं पाणी दिसायला शांत, ओढ मात्र जबर. अधूनमधून कुणीतरी बुडतं, आणि ते बहुतेक बाहेरून आलेलं असतं. गावातली मुलं त्याच समुद्राच्या कडेनं वाढतात. कुठं ओढ आहे, कधी उतरायचं, कधी अजिबात नाही, हे त्यांना लहानपणी सांगितलेलं असतं. सांगितल्यामुळे ती पाण्याला घाबरून घरी बसलेली मी पाहिलेली नाहीत.

घरी बसवलेली मुलं मी दुसरीकडे पाहिलीत. टाईप वन असलेलं मूल शाळेत असेल तर पीटीच्या तासाला त्याला हमखास ‘तू बस बाजूला’ सांगतात. म्हणजे मोठ्यांना न विचारता चालायला लावायचं आणि लहानांना न विचारता बसवायचं. मार्च २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं राज्यांना पत्र पाठवलं, की अशा मुलांना वर्गात शुगर तपासू द्या, इन्सुलिन घेऊ द्या, मधल्या वेळी खाऊ द्या, खेळू द्या. सीबीएसईनं २०१७ मध्येच बोर्डाच्या परीक्षेत खाऊ जवळ ठेवायची परवानगी दिली होती. कागद आहे. पण पीटीच्या सरांच्या हातात कागद पडत नाही. त्यांच्या हातात शिट्टी असते आणि मनात भीती, की आपल्या तासाला काही झालं तर. मी त्यांना दोष देणार नाही. त्यांनाही कुणी ते एक पान दिलेलं नाही.

मग अशा वेळी प्रेरणेचा मारा सुरू होतो. वसीम अक्रमला १९९७ मध्ये टाईप वन निघाला आणि तो पुढे सहा वर्षं वन-डे खेळला. ब्रिटनचा नौकानयनपटू स्टीव्ह रेडग्रेव्ह, त्यालाही १९९७ मध्येच डायबेटीस, आणि २००० साली सिडनीत वयाच्या अडतिसाव्या वर्षी सलग पाचवं ऑलिंपिक सुवर्ण. टेनिसमधला झ्वेरेव्ह लहानपणापासून इन्सुलिनवर आहे. मला ही नावं निदान पन्नास वेळा फॉरवर्ड झाली असतील, प्रत्येक वेळी खाली ‘इच्छाशक्ती’. मला या शब्दाचा कंटाळा आलाय. रेडग्रेव्हनं इच्छाशक्तीनं शुगर सांभाळली नाही. सराव बदलला नाही, तर खाणं आणि इन्सुलिन त्या सरावाभोवती बसवत गेला, सारखं तपासत गेला. झ्वेरेव्हची गोष्ट तर त्याहून बोलकी. २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये त्याला कोर्टवर सगळ्यांसमोर इंजेक्शन घ्यायला मनाई करण्यात आली, आणि बाहेर जाऊन घेतलं तर तो टॉयलेट ब्रेक धरला जाईल असं सांगण्यात आलं. त्यानं जाहीरपणे हे सांगितल्यावर आयोजकांना माघार घ्यावी लागली. जगातल्या पहिल्या काही खेळाडूंपैकी एकालाही भांडावं लागलं ते बॅकहँडसाठी नाही, खुर्चीत बसून सुई टोचण्यासाठी.

आमच्याकडे तेवढं भांडायचीही सोय नाही, विशेषतः मुलींना. “लोकांना कशाला सांगायचं?” हे वाक्य मी निदान झाल्याच्या आठवड्यापासून ऐकतेय. माझ्या बायोडेटात ‘छंद : सायकलिंग’ आहे, इन्सुलिन नाही. (ते आईनं टाईप केलंय.) ज्या ग्रूपबरोबर मी आरे-वारेला गेले त्यातल्या दोघांनाच माहीत होतं. म्हणजे त्या दादाला राग यायलाही जागा होती. मी आधी सांगितलं असतं तर तो कदाचित चढाच्या आधी थांबला असता. न सांगण्याची सवय लागलेल्या माणसाला हायपोतही पहिला विचार येतो तो लपवायचा. मी पाच मिनिटं तशीच दामटत राहिले होते, खिशात साखर असून. ती काढून खाल्ली असती तर कुणीतरी विचारलं असतं.

खिशातल्या साखरेवरून आठवलं. हायपोत काय खायचं याबद्दल इतका गोंधळ आहे, की इथं जरा थांबते. पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे सपाट तीन चमचे. पाण्यात किंवा सरबतात विरघळवून, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासायचं, सत्तरच्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. बेसनलाडूचंही तेच, तूप आड येतं. आंबापोळी आणि फणसपोळी कोकणी माणसाला पहिली आठवते, पण हायपोत ती चावत बसायला ताकद कुणाकडे असते? सोलकढीत साखर नसते, त्यामुळे ती कितीही आवडली तरी उपयोग शून्य. कोकम सरबत मात्र उत्तम. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट दवाखाना. मे महिन्यात इन्सुलिनचं पेन सायकलच्या मागच्या पिशवीत उन्हात ठेवू नका, तिशीच्या वर तापमान गेलं की ते खराब व्हायला लागतं. गरमीत टोचलेलं इन्सुलिन अंगात भिनतंही लवकर. ज्या मांडीनं पॅडल मारायचंय तिच्यात टोचलं तरी तेच, म्हणून पोटावर.

सगळंच खाली जातं असंही नाही, हे आणखी एक न सांगितलं जाणारं. जिममध्ये जड वजनं, शंभर मीटरची धाव, अटीतटीची बॅडमिंटनची मॅच यात ॲड्रेनॅलिन उसळतं, यकृत साखर सोडतं आणि आकडा वर जातो. व्यायाम करून २३० बघितलं की नवखा माणूस घाबरून इन्सुलिन टोचतो आणि दोन-तीन तासांनी कोसळतो. व्यायाम या एका शब्दाखाली इतक्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, की ‘व्यायाम करा’ म्हणजे ‘औषध घ्या’ म्हणण्याइतकंच मोघम झालं.

पैशाचा प्रश्न उरतो आणि तो मला खरंच सुटत नाही. माझ्या दंडावर हल्ली सेन्सर असतो. चौदा दिवस टिकतो, फोनवर शुगर दाखवतो, वर जातेय की खाली याचा बाणही दाखवतो. व्यायाम करताना तो काही मिनिटं मागे असतो, कारण तो रक्तातली साखर मोजतच नाही, पेशींमधल्या द्रवातली मोजतो. म्हणून चढावर तो ८५ म्हणाला तर मी ७० समजते. मला हे परवडतं, कारण माझा पगार पुण्याच्या आयटीतला आहे. भाट्यावर खाली बसलेल्या त्या पेन्शनर गृहस्थांना दर पंधरवड्याला काही हजार कोण देणार? त्यांना स्ट्रिपसुद्धा जपून वापरावी लागते. पण निदान दोन स्ट्रिप, एक निघायच्या अर्धा तास आधी आणि एक निघताना, म्हणजे वर चाललीय की खाली ते कळतं. आणि तेही रोज नको. नवीन गोळी सुरू झाली, चालण्याची वेळ बदलली, की आठवडाभर. बाकी दिवस खिशात साखरेची पुडी. सरकार गोळ्या देतं ते चांगलंच आहे. ज्या गोळीनं चालताना माणूस कोसळू शकतो त्या गोळीबरोबर महिन्याला दहा स्ट्रिप आणि मराठीतलं एक पान द्यावं, एवढी माझी मागणी आहे. व्यायामाचे इव्हेंट घेणाऱ्यांकडे तर त्याहून छोटी. फॉर्मवर ‘तुम्हाला डायबेटीस आहे का?’ हा प्रश्न तुम्ही तुमची जबाबदारी झटकायला विचारता. विचारताच आहात तर पाण्याच्या प्रत्येक टेबलावर साखरेचं पाणी ठेवा आणि स्वयंसेवकांना सांगा, की घामाघूम होऊन बरळणारा प्रत्येक माणूस ‘बीपी लो’ नसतो.

फेब्रुवारीत मी पुन्हा त्याच रस्त्यानं गेले. त्याच ग्रूपबरोबर. आदल्या रात्री ग्रूपवर लिहिलं, की मला टाईप वन आहे, माझ्या पुढच्या पिशवीत उजवीकडे ग्लुकोज पावडर आहे, मी विचित्र बोलायला लागले तर वाद न घालता पाजा. लिहून झाल्यावर फोन उलटा ठेवला. सकाळी बघितलं तर त्या दादाचा अंगठा होता आणि खाली आणखी एकाचा मेसेज, की त्याच्या बाबांची गोळी नक्की कुठली ते तो बघून सांगतो, जरा बोलायचंय. इन्सुलिन पाचऐवजी अडीच. निघताना १६४. साखरतरच्या पुलावर १४९. (या गावाच्या नावावर मी आजवर केलेले सगळे विनोद तुम्हाला सांगत नाही.) आरेला पोचले तेव्हा १२१ आणि बाण खाली, म्हणून चढाच्या आधी थांबून दोन चमचे ग्लुकोज. वारेच्या बाजूला उतरताना ११६. टपरीवर थांबलो. काकांनी मला ओळखलं, ग्लास हातात घेतला आणि विचारलं, “आज साखर घालू की नको?” म्हटलं, आज नको, मीठ घाला.

गणपतीपुळ्याला जाऊन परत आलो, जवळपास पन्नास किलोमीटर. रात्रीचं इन्सुलिन थोडं कमी घेतलं, कारण रिकामे झालेले स्नायू पुढे कितीतरी तास साखर भरून घेत राहतात आणि व्यायामानंतरचे वाईट हायपो झोपेत होतात. दोनचा गजर लावला होता. सेन्सर ७४ दाखवत होता, बोट टोचलं तर ७१. स्वयंपाकघरात दिवा लावला तशी आई उठून आली. किती, म्हणाली. सांगितलं. तिनं काही न बोलता दुधाचं भांडं गॅसवर ठेवलं आणि साखरेचा डबा माझ्यासमोर सरकवला.